तुर्की अनुवाद : शब्दाची अमानत

तुर्की भाषेच्या अनुवाद व लेखन परीक्षेची तयारी करताना कितीतरी शब्द तुम्हाला ओळखीचे वाटतील : किताप, कलेम, दुनिया, इन्सान. ही जवळीक उपयोगी आहे, पण तिच्यावर विसंबून राहू नका. आपला 'मुसाफिर' म्हणजे प्रवासी. तुर्कीतील 'मिसाफिर' म्हणजे पाहुणा.

वाक्यरचनेत मराठीच तुमच्या मदतीला येते. दोन्ही भाषांत क्रियापद सामान्यतः शेवटी येते आणि प्रत्यय शब्दामागे जोडले जातात. 'एव' म्हणजे घर, 'एवलेर' घरे, 'एवलेरिमिझ' आमची घरे, 'एवलेरिमिझदे' आमच्या घरांत. म्हणून इंग्रजीचा वळसा न घेता थेट मराठीतून तुर्कीकडे जा.

खरी कसोटी क्रियापदाची आहे. 'गेल्दी' म्हणजे 'तो आला'. सांगणाऱ्याला त्याची खात्री असते. 'गेल्मिश' म्हणजे 'तो आला म्हणे' किंवा 'आलेला दिसतो'. अनुवादात हा 'म्हणे' गाळला, तर ऐकीव गोष्ट साक्ष होऊन बसते. बातमीची शहानिशा करण्याची ताकीद सूरह अल-हुजुरात (49:6) मध्ये आहे. दुसऱ्याचे बोलणे ही अमानत आहे. ते जितक्या खात्रीने सांगितले गेले, तितक्याच खात्रीने पोहोचवावे.

यासाठी रोज पाच तुर्की वाक्ये मराठीत उतरवा. दुसऱ्या दिवशी मूळ न पाहता ती पुन्हा तुर्कीत लिहा आणि मुळाशी ताडून पाहा. चुकलेला प्रत्येक प्रत्यय वेगळ्या वहीत नोंदवा. परीक्षेपूर्वी तीच वही वाचा. तुमच्या उणिवा तिच्याइतक्या नेमकेपणाने दुसरे कोणतेही पुस्तक दाखवणार नाही.