१८९७ ची साथ आणि धर्माची कसोटी

धर्माची खरी कसोटी उत्सवाच्या दिवशी लागत नाही. ती साथीच्या दिवसांत लागते. साथीत माणूस माणसाला भितो, शेजारी दार लावून घेतो, रक्ताची नातीही दूर सरतात. अशा वेळी एखादा धर्मसमाज आजाऱ्याच्या उशाशी उभा राहतो, की दैवी कोप म्हणून हात जोडून मोकळा होतो, यावरून त्याचे मोल ठरते. या दृष्टीने महाराष्ट्राच्या इतिहासातील १८९७ हे वर्ष विद्यार्थ्यांनी बारकाईने अभ्यासावे असे आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. हा रोग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. पॉल-लुई सिमाँ या शास्त्रज्ञाने ते १८९८ मध्ये दाखवून दिले. सरकारजवळ कायदा होता, शिपाई होते, इस्पितळे होती. नव्हता तो लोकांचा विश्वास. इस्पितळात नेलेला माणूस जिवंत परतत नाही, अशी वदंता पसरली होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला चढविला. पुढे पुण्यात सैनिकांकरवी घरझडती सुरू झाली, तेव्हा लोक आजारी माणसे लपवू लागले. लपविलेला रुग्ण स्वतः तर दगावेच, पण साथही आटोक्यात येईना.

याच काळात सत्यशोधक समाज पुढे आला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुले यांनी स्थापन केलेला हा समाज म्हणजे नुसती सुधारकांची सभा नव्हती. सर्व माणसे एकाच निर्मिकाची लेकरे आहेत आणि त्याच्या व आपल्यामध्ये कोणी मध्यस्थ नको, ही त्याची श्रद्धा होती. जोतीरावांच्या निधनानंतर सावित्रीबाईंनी समाजाची धुरा वाहिली. दुष्काळाच्या काळात, १८७७ मध्ये, ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी उपाशी माणसांचे हाल कळविले होते; संकटात लोकांमध्ये राहण्याची सवय त्यांना जुनीच होती. प्लेग आला तेव्हा त्यांनी सैन्यात डॉक्टर असलेल्या यशवंतरावांना बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेऊन तेथे आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याआधी महिनाभर, ९ फेब्रुवारीस, सत्यशोधक कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचाही मुंबईत प्लेगनेच मृत्यू झाला होता. ज्या मुलाच्या सावलीचाही विटाळ मानला जात होता, त्याला पाठीवर घेणे ही केवळ शुश्रूषा नव्हती. ते समतेचे आचरण होते.

त्याच वर्षी मुंबईत दुसरे एक उदाहरण घडले. डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. तरीही लोक टोचून घेण्यास धजेनात. तेव्हा इस्माइली खोजा समाजाचे धर्मगुरू, जेमतेम विशीचे आगाखान तिसरे, यांनी अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली. सरकारी हुकुमाने जे साधले नव्हते, ते धर्मगुरूच्या उघड्या दंडाने साधले आणि त्यांचे हजारो अनुयायी लसीसाठी पुढे आले.

दोन्ही उदाहरणांतील साम्य ध्यानात घ्यावे. सावित्रीबाईंनी गंडादोरा दिला नाही, रुग्णाला डॉक्टरपर्यंत नेले. आगाखानांनी नवस सांगितला नाही, आपल्या शब्दाचे वजन लसीच्या मागे उभे केले. श्रद्धेने विज्ञानाची जागा घेतली नाही. तिने विज्ञानाला माणसाच्या दारापर्यंत वाट करून दिली.

योगायोग असा की, २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी सापडले. रोगाचा वाहक कळून आज सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये हिवतापाने जगात सुमारे सहा लाख माणसे दगावली. त्यांतील सुमारे ९५ टक्के आफ्रिकेत, आणि तेथील बहुसंख्य पाच वर्षांखालील बालके. औषध आहे, मच्छरदाणी आहे. पण ती खेड्यापर्यंत पोचावी आणि वापरली जावी, यासाठी तेथेही विश्वासाचीच गरज पडते. नायजेरियात सोकोटोचे सुलतान आणि अबुजाचे कॅथलिक आर्चबिशप यांनी हिवतापाविरुद्धच्या कामाचे नेतृत्व एकत्र केले. इमाम आणि पाद्री यांना प्रशिक्षण दिले गेले आणि प्रवचनांतून मच्छरदाणीचे महत्त्व सांगितले जाऊ लागले. मोझांबिकमध्येही निरनिराळ्या धर्मांचे लोक याच कामासाठी एकत्र आले. प्रार्थना निराळ्या, डास मात्र एकच.

आपल्या परंपरेत या विचाराचे मूळ फार जुने आहे. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने पीडित भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून त्याची सेवा कोणी करीत नव्हते. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. मग ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असे भगवंतांनी भिक्खूंना सांगितले. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या व पशूंच्या चिकित्सेची सोय आणि औषधी वनस्पतींची लागवड यांचा उल्लेख आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात धम्म हा सामाजिक आहे, माणसामाणसांतील योग्य व्यवहार म्हणजे धम्म, असे प्रतिपादन केले. साथीच्या काळात या प्रतिपादनाचा अर्थ सर्वांत स्पष्ट दिसतो.

आपल्या वणी परिसरात, सुरगाणा, पेठ, कळवणच्या पाड्यांवर, पावसाळ्यात थंडीतापाचे रुग्ण दिसतात. अनेक घरांत ताप आला की प्रथम भगताकडे जातात. त्यांना हसून काही साधणार नाही. “आधी रक्त तपासून ये,” एवढे जरी त्या भगताने सांगितले, तरी मूल एक दिवस आधी आरोग्य केंद्रात पोचेल; आणि मेंदूला भिडणाऱ्या हिवतापात तो एक दिवसच जीवन-मरणाचा असतो.

बौद्धांचा वर्षावास आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत असतो. डासांचा हंगामही नेमका तोच. या तीन महिन्यांत विहाराविहारांतून ग्रंथवाचन होते. वाचन संपल्यावर आठवड्यातून एकदा उपासक-उपासिकांनी व विद्यार्थ्यांनी वस्तीतील हौद, रांजण, टाक्या रिकाम्या करून घासाव्यात आणि कोरडा दिवस पाळावा. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याला पाणी काढले तर अळी डास होण्याआधीच नष्ट होते. जे हौद रिकामे करता येत नाहीत, त्यांत गप्पी मासे सोडावेत. कोणाला ताप असल्यास त्याला रक्त तपासणीसाठी सोबत न्यावे. हे करताना घर बौद्धाचे की इतरांचे, हे पाहू नये. मुंढव्याहून निघालेल्या सावित्रीबाईंनी ते पाहिले नव्हते.