पहिला व्यवसाय सोडून वैद्यकीय सहायक होताना

भुदरगड तालुक्याचे ठिकाण असलेले गारगोटी हे गाव कोल्हापूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर, वेदगंगेच्या खोऱ्यात वसले आहे. येथे बाजारपेठ, ग्रामीण रुग्णालय व महाविद्यालये आहेत. परंतु डोंगरातील वाड्यांना व धनगरवाड्यांना पावसाळ्यात हेच गाव फार दूरचे वाटते. अशा भागात डॉक्टरांच्या हाताखाली जाणता सहायक असेल तर डॉक्टरांचा बराच वेळ वाचतो. रुग्णाचा पूर्वेतिहास लिहून घेणे, प्राथमिक तपासणी करणे, जखम बांधणे, शस्त्रक्रियेत हात देणे आणि घरी गेलेला रुग्ण औषध नियमित घेतो की नाही हे पाहणे, ही त्याची कामे होत. निदान व उपचार यांची अंतिम जबाबदारी मात्र डॉक्टरांचीच असते.

हा व्यवसाय मुळातच दुसऱ्यांदा उपजीविका निवडणाऱ्यांनी सुरू केला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ साली असा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. पहिल्या तुकडीतील चारही विद्यार्थी नौदलात रुग्णसेवेचे काम केलेले होते. युद्धनौकेवर कठीण प्रसंग हाताळलेल्या या माणसांना नागरी जीवनात त्या अनुभवाला साजेसे काम मिळत नव्हते. त्यांपैकी तिघे १९६७ साली उत्तीर्ण झाले. कोल्हापूर जिल्ह्यात सैन्यात जाण्याची परंपरा जुनी आहे. सेना वैद्यकीय दलातून निवृत्त होऊन ऐन उमेदीत गावी परतलेल्या जवानाला हे उदाहरण परके वाटू नये. भारतात या शिक्षणाचा आरंभ १९९२ साली मद्रास येथे हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांच्या प्रयत्नाने झाला.

खेड्यातीलच माणसाला आरोग्यकार्यात आणावे, हा विचार मात्र आपल्याकडे त्याहून जुना आहे. श्रीवास्तव समितीने १९७५ साली शिक्षक, पोस्टमास्तर, ग्रामसेवक अशा व्यक्तींना प्रशिक्षण देऊन अर्धवेळ आरोग्यसेवक करावे, अशी शिफारस केली. पुढे २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र शासनाने लोक आरोग्यसेवक योजना सुरू केली. हजार वस्तीमागे एक सेवक, तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि दरमहा ५० रुपये मानधन, असे तिचे स्वरूप होते. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाचे संस्थापक डॉ. जे. पी. नाईक यांचा ज्यात मोठा वाटा होता, तो ‘सर्वांसाठी आरोग्य’ या विषयावरील अभ्यासगटाचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. त्यानेही आरोग्यसेवेचा पाया गावातच असावा, असा आग्रह धरला.

१९७७ च्या योजनेत एक उणीव होती, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पन्नास रुपयांवर कोणी आपला धंदा सोडणार नव्हता, आणि ज्याने सोडला असता त्याला उरलेली मिळकत सुई टोचून भरून काढण्याचा मोह झाला असता. सेवाभावाची अपेक्षा करताना पोटाचा हिशेब बाजूला ठेवता येत नाही. उलट, मर्यादित काम नेमके शिकवले व त्यावर देखरेख ठेवली तर काय साधते, हे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील प्रयोगाने दाखवले. तेथे गावातील प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली. प्रयोगाच्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण दर हजार जन्मांमागे ६२ वरून सुमारे २५ पर्यंत उतरले. ही माहिती १९९९ साली प्रसिद्ध झाली.

म्हणून तिशी-चाळिशीतील एखादा शिक्षक, कंपाउंडर किंवा माजी सैनिक सल्ला विचारण्यास आला, तर केवळ कौतुक करून त्याला पाठवू नये. प्रथम त्याला दुय्यम भूमिका मानवेल काय, हे पाहावे. वीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या माणसाला आपल्यापेक्षा वयाने लहान डॉक्टरांची आज्ञा पाळावी लागेल. काहींना हे अभ्यासापेक्षाही जड जाते. गावात लोक त्याला ‘डॉक्टर’ म्हणू लागतील, हा दुसरा धोका होय. नोंदणीविना वैद्यकी करणे महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ अन्वये गुन्हा आहे, आणि सहायकाचे प्रमाणपत्र म्हणजे स्वतंत्र दवाखान्याचा परवाना नव्हे. सरपंचांनी व मुख्याध्यापकांनी हे ग्रामसभेत एकदा स्पष्ट सांगितले तर पुढचे बरेच अनर्थ टळतील.

पूर्वीच्या व्यवसायातील पुंजी मात्र वाया जात नाही. शिक्षकाला समजावून सांगण्याची सवय असते, कंपाउंडरला औषधांची नावे पाठ असतात आणि जवानाला घाईच्या वेळी हात स्थिर ठेवता येतो. वाडीवरच्या म्हातारीकडून पोटदुखीची खरी हकीकत काढून घेणे हे तर शाळामास्तरच उत्तम जाणे!

संसार असलेल्याने खर्चाचा हिशेब आधी मांडावा. पदवी अभ्यासक्रम साधारणतः चार वर्षांचा असून त्यांतील शेवटचे वर्ष प्रत्यक्ष रुग्णालयात जाते. एवढा काळ घर कशावर चालेल, याचा विचार पत्नी व आईवडील यांच्यासह बसून करावा. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांची यादी निश्चित केली असून तीत या व्यवसायाचाही समावेश आहे. त्यामुळे प्रवेशापूर्वी संस्थेची मान्यता तपासून पाहणे अगत्याचे आहे. केवळ आकर्षक पत्रक पाहून शुल्क भरू नये.

प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी जीवशास्त्रासह बारावी विज्ञान शाखेची अट असते. कला शाखेतून आलेल्यांची वाट येथेच अडते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेमार्फत उच्च माध्यमिक परीक्षा विज्ञान विषय घेऊन देता येते व तिला वयाची कमाल मर्यादा नाही. तथापि ते प्रमाणपत्र आपल्याकडे ग्राह्य धरले जाईल काय, हे इच्छित महाविद्यालयाकडून आधी लेखी विचारून घ्यावे आणि मगच हाती असलेल्या नोकरीचा राजीनामा द्यावा.