जहाजांचे इंधन आणि किनाऱ्यावरची वस्ती

परदेशांतून येणारा बहुतेक माल जहाजाने येतो. माल सर्वांना मिळतो. जहाजाचा धूर मात्र बंदराशेजारी राहणाऱ्यांच्या वाट्याला येतो. यावर काय उपाय झाले, ते या लेखात पाहू.

खनिज तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढल्यावर तळाशी डांबरासारखे दाट तेल उरते. ते स्वस्त असल्याने मोठी जहाजे वर्षानुवर्षे तेच जाळत आली. त्यात गंधक पुष्कळ असते. गंधक जळले की सल्फर डायऑक्साइड वायू व सूक्ष्म कण तयार होतात. ते फुप्फुसांत जाऊन दमा व हृदयविकार वाढवतात.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. तेथे लॉस एंजेलिस व लाँग बीच ही मोठी बंदरे शेजारी-शेजारी आहेत. त्यांना लागून असलेल्या विल्मिंग्टन भागात बहुसंख्य लॅटिनो कुटुंबे राहतात. राज्याने जुलै २००९ पासून किनाऱ्याच्या २४ सागरी मैलांच्या आत जहाजांना अधिक स्वच्छ इंधन सक्तीचे केले. तेव्हा महाग इंधन वाचवण्यासाठी अनेक जहाजे नेहमीचा मार्ग सोडून बेटांच्या बाहेरून जाऊ लागली. अखेर २०११ मध्ये राज्याने नियमाची हद्द वाढवली.

यावरून दिसते की, एका राज्याचा नियम पुरत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या नियमानुसार २०१२ पासून एक किलो इंधनात ३५ ग्रॅमपर्यंत गंधक चालत असे. १ जानेवारी २०२० पासून ही मर्यादा ५ ग्रॅम झाली. उत्तर अमेरिका, बाल्टिक व उत्तर समुद्र यांच्या विशेष क्षेत्रांत २०१५ पासून ती १ ग्रॅम आहे. मे २०२५ पासून भूमध्य समुद्रातही तीच लागू झाली. मात्र धूर धुण्याचे यंत्र बसवलेल्या जहाजांना जुने इंधन वापरता येते, आणि अनेक जहाजे ते धुतलेले पाणी समुद्रातच सोडतात.

आता आपल्याकडे पाहू. भारतात एप्रिल २०२० पासून वाहनांच्या डिझेलमध्ये किलोमागे १० मिलिग्रॅमच गंधक चालते. जहाजांची जागतिक मर्यादा याच्या ५०० पट आहे. मुंबई व न्हावा-शेवा बंदरांशेजारीही माणसे राहतात. आपल्या किनाऱ्यालाही १ ग्रॅमची मर्यादा मिळावी, ही मागणी अभ्यासपूर्वक मांडणे हे सुशिक्षित तरुणांचे काम आहे, असे आम्हांस वाटते.