तडजोड कोणाच्या नावाने?

वसई-विरार परिसरात जुन्या गावठाणांतील बैठक अद्याप मान राखून आहे आणि नालासोपाऱ्याच्या चाळींतूनही चार वडीलधारी माणसे तंटे मिटवितात. बांधाचा वाद असा मिटला तर उत्तमच. बालकावरील लैंगिक अत्याचार मात्र मिटविण्याचा अधिकार या बैठकीस नाही, प्रत्यक्ष पित्यासही नाही. राजस्थानातील एका शिक्षकाविरुद्धचा असा खटला मुलीच्या वडिलांशी झालेल्या तडजोडीवरून रद्द झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी तो निर्णय फिरविला.

२०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ अपराधाची माहिती असणाऱ्या प्रत्येकास ती पोलिसांना कळविण्यास बांधून घेते. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा अपराध दडविल्यास एक वर्षापर्यंत. म्हणजे मध्यस्थ पंचही आरोपी ठरू शकतो, हे किती पंचांना ठाऊक असते?

‘गरिबाला पैसा मिळतो, मुलीचे नावही झाकून राहते’ असे म्हटले जाते. गरज खरी आहे, भीतीही खरी आहे. परंतु विशेष न्यायालय खटला चालू असतानाच अंतरिम भरपाई देऊ शकते. राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास कायद्याची मनाई आहे. खासगी रक्कम मौनाच्या अटीवर मिळते. त्या मौनाच्या आड तोच माणूस दुसऱ्या वस्तीत, दुसऱ्या मुलाजवळ जाऊ शकतो. आणि ज्याच्या नावाने रक्कम ठरते, त्या बालकास बैठकीत कोणी विचारलेलेच नसते.