जुनी पेटी घेताय? आधी सुरांची फळी उघडा

"जर्मन सूर आहेत, आता असले मिळत नाहीत." एवढं ऐकलं की भजनी माणूस भाव करायचं विसरतो. मुरगूडच्या आमच्या भजनी मंडळानं घेतलेली जुनी पेटी, म्हणजे हार्मोनियम, विकणाऱ्याच्या घरी गोडच वाजली होती. वेदगंगेकाठचा पावसाळा लागला तशा पट्ट्या फुगून अडकायला लागल्या. पुढं सप्ताहात, ऐन काल्याच्या कीर्तनात, टिपेचा एक सूर तुटला.

दुरुस्तीवाल्यानं फळी उलटी करून दाखवली. सुरांच्या पितळी जिभांवर कानशीचे ओरखडेच ओरखडे. सूर चढवायचा तर जिभेचं टोक खरवडतात, उतरवायचा तर बूड. दर खेपेला पितळ झिजतं, आणि झिजलेली जीभ कधीतरी तुटतेच. काही सूर तर मागाहून बसवलेले होते; पितळेचा रंगच निराळा.

म्हणून जुनी पेटी वाईट, असं नव्हे. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे वाजवायचे त्या काळी चांगल्या पेटीत पॅरिसचे किंवा जर्मनीचे सूर असत. त्यातली जपलेली पेटी आजही मैफलीत भाव खाऊन जाते. नव्या पेट्यांत बरेचदा गुजरातच्या पालिताण्याचे सूर असतात. चांगल्या कारागिरानं बसवले आणि लावले तर तेही सुरेल बोलतात.

जुनं चांगलं की नवं, हा वाद गिटारवाल्यांतही आहे. फेंडर कंपनीनं १९८२ मध्ये आपल्याच १९५७ आणि १९६२ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारी नव्यानं काढल्या. तिथं निदान जुनं-नवं एकाच कंपनीचं. पेटीत मात्र 'जर्मन' हा शब्द विकणाऱ्याच्या तोंडचा. शिक्क्यावरही विसंबू नका.

बैल घेताना दात बघतो, तशी फळी उघडून बघा. ४२ पट्ट्यांच्या दुहेरी पेटीत ८४ सूर असतात. खर्ज आणि नर हे दोन्ही सूर वेगवेगळे ऐका, एकेक पट्टी दाबून. हलक्या हवेवर सूर लगेच बोलला पाहिजे. मग भाता भरून, खुंट्या ओढून, पट्टी न दाबता थांबा. सूं-सूं आवाज आला किंवा भाता लगेच बसला, तर हवा गळते आहे. कातडं कुरतडलंय का, लाकडाला कीड आहे का, तेही पाहा.

पट्टी जुळते का हे मोबाइलवरच्या तंबोऱ्याशी ताडा. फ्रान्सनं १८५९ मध्ये 'ए' स्वर सेकंदाला ४३५ कंपनांवर बांधला होता, आज तो ४४० धरतात. जुने सूर किंचित उतरलेले निघाले तर ते चढवायला पुन्हा कानस आलीच. आधीच खरवडलेल्या जिभेला ती सोसत नाही.

देवळात रोज वाजणारी, टेंपोतून दिंडीला जाणारी पेटी नवीच घ्या, आणि ती जवळच्या कारागिराकडून, म्हणजे बिघडली तर माणूस सापडतो. जुनी घ्यायची तर घरच्या रियाजासाठी, सूर न खरवडलेली, आणि दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून. फळी उघडायला जो नाही म्हणेल, त्याच्याकडून पेटी घेऊ नका.