नाल खुराला, की खूर नालाला?
अवजड घोड्यांच्या नालबंदीतून व्यापारी व कारागिरांना धडा

कुरआन शरीफच्या सूरह आदियातमध्ये दौडणाऱ्या घोड्यांची आणि त्यांच्या टापांतून उडणाऱ्या ठिणग्यांची शपथ आली आहे. ज्या टापांचा असा उल्लेख झाला, त्या सांभाळण्याचा धंदा आपल्याकडे पिढ्यानपिढ्या मुसलमान नालबंदांच्या हाती राहिला. आजही अनेक गावांत ‘नालबंद’ हे आडनाव आहे; भट्टी मात्र बहुतेक घरांतून विझली आहे. यंत्र आले की हातकाम जाणारच, असे आपण म्हणतो आणि गप्प बसतो. पण ट्रॅक्टर आपल्याही आधी ज्या देशात आला, त्या ब्रिटनमध्ये नालबंदी अजून प्रतिष्ठेने उभी आहे. ती कशी टिकली आणि कोठे घसरली, हे समजून घेणे आपल्या प्रत्येक धंद्याला उपयोगाचे आहे. म्हणून या वेळी तेथील अवजड घोड्यांच्या नालबंदीचा व खराऱ्याचा विचार आम्ही करणार आहोत.

हे घोडे कोणते?

शायर, क्लाइड्सडेल आणि सफोक या ब्रिटनमधील ओझे ओढणाऱ्या घोड्यांच्या प्रमुख जाती होत. शायर जातीचा वळू घोडा खांद्यापाशी किमान १७३ सेंटिमीटर उंच असावा लागतो आणि त्याचे वजन सुमारे एक टन भरते. शेतीची नांगरट, बंदरावरील माल, कोळशाच्या गाड्या, सर्व काही हे घोडे ओढीत. शायर घोड्यांची संस्था १८७८ साली स्थापन झाली, क्लाइड्सडेलची त्याच्या आदल्या वर्षी. पुढे ट्रॅक्टर व मोटारी आल्या आणि एके काळी लाखोंनी असलेले शायर घोडे १९६० च्या दशकात काही हजारांवर आले. जे उरले त्यांपैकी बरेचसे प्रदर्शनांत दिसू लागले. म्हणजे ओझे ओढणे मागे पडले आणि दिसणे पुढे आले. या बदलातच आमच्या आजच्या धड्याचे मूळ आहे.

नाल बसवण्याची योग्य रीत

खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखी असते. तिला वेदना नसते व ती दर महिन्याला साधारण एक सेंटिमीटरपर्यंत वाढते. तिच्या आत तळव्याकडून पाहिल्यास एक फिकट रेघ दिसते. त्या रेघेच्या आत जिवंत मांस आहे. खिळा रेघेच्या बाहेर राहिला तर घोड्याला कळतही नाही. आत गेला तर घोडा लंगडतो. नालबंदाची सारी अब्रू त्या एका रेघेवर असते. तळव्याच्या मध्ये त्रिकोणी, रबरासारखी गादी असते. ती पाऊल टेकताना हिसका झेलते, म्हणून ती उगाच कापायची नसते.

चांगला नालबंद हत्यार हातात घेण्यापूर्वी घोडा चालवून पाहतो. पाऊल सरळ पडते की तिरके, जुना नाल कोणत्या बाजूने झिजला, हे तो आधी वाचतो. मग जुन्या खिळ्यांची मुडपलेली टोके सोडवून नाल काढतो, वाढलेला खूर कापतो आणि कानशीने सपाट करतो. त्यानंतर भट्टीतला तापलेला नाल क्षणभर खुरावर टेकवतो. धूर निघतो, पण घोडा हलत नाही, कारण भिंतीला संवेदना नाही. जेथे डाग उमटला तेथे नाल बसला, जेथे उमटला नाही तेथे फट आहे, हे त्यावरून कळते. मग नाल पुन्हा ऐरणीवर नेऊन दुरुस्त करतात आणि शेवटी खिळे मारून टोके मुडपतात. सहा ते आठ आठवड्यांनी हे सर्व पुन्हा करावे लागते, कारण खूर वाढतो आणि नाल वाढत नाही.

क्लाइड्सडेलच्या एका नालाचे वजन सुमारे दोन किलो असते. एक टनाचा घोडा पाय उचलून देताना अंगावर रेलला तर माणसाची कंबर मोडेल. म्हणून शिंगरू लहान असल्यापासून त्याला रोज पाय उचलून देण्याची सवय लावतात. लहानपणी लावलेली शिस्त मोठेपणी मजुरी वाचवते, हे केवळ घोड्यालाच लागू आहे असे नाही.

या सर्व रीतीचे सार एका वाक्यात सांगता येईल. नाल खुराप्रमाणे घडवावा, खूर नालाप्रमाणे कापू नये.

खरारा आणि साज

शायर व क्लाइड्सडेलच्या गुडघ्याखाली लांब केस असतात. प्रदर्शनात ते शुभ्र व मोकळे दिसावेत म्हणून आधी साबणाने धुतात, साबणाचा अंशही राहू नये असे खळबळून काढतात आणि लाकडाचा बारीक भुसा चोळून कोरडे करतात. भुसा ओल शोषतो आणि विंचरला की केस सुटे होतात. आयाळ गवती धाग्यांनी व रंगीत फितींनी गुंफतात, शेपटीचा अंबाडा बांधतात. याचे मूळ कामात आहे. शेपटीचे केस लगामात अडकू नयेत म्हणून ते वर बांधत. पूर्वी यासाठी शेपटीचे हाडच छाटीत असत. १९४९ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये ती क्रूर चाल बंद झाली.

पायाच्या केसांची शोभा जितकी, तितकी काळजीही आहे. केसांखाली ओल राहिली की कातडी फुटते. बारीक किडे होतात, घोडा पाय आपटू लागतो. काही घोड्यांत पाय कायमचे सुजून जाड होतात. वरून केस पांढरेशुभ्र असतात, आणि जखम त्याखाली दडलेली असते. म्हणून जाणता मोतद्दार केस विंचरण्याआधी बोटे आत घालून कातडी चाचपतो. या केसांना गंधक घालून एक तेल लावण्याची तेथे पद्धत आहे. त्याचे इंग्रजी नाव डुकराशी जोडलेले आहे. ते ऐकून दचकू नये. ते खनिज तेल आहे, डुकरांच्या अंगाला चोळीत म्हणून ते नाव पडले.

देखावा खुराला खातो तेव्हा

आता घसरणीची बाजू पाहू. प्रदर्शनात मोठे व रुंद पाऊल नजरेत भरते. म्हणून खास दाखवण्याचे नाल निघाले. त्यांची पट्टी रुंद असते आणि बाहेरची कड खुराच्या उतारासारखीच उतरती घासलेली असते, म्हणजे नाल हा खुराचाच भाग वाटावा. त्यावर भागले नाही म्हणून खूर प्रमाणाबाहेर वाढू देतात. मागचे पाय जवळ दिसावेत यासाठी नालाची बाहेरची बाजू लांबवतात. वरून खुराला काळा रंग दिला की झाले!

परीक्षकाच्या डोळ्यांना सुख होते, पण घोड्याला काय मिळते? पुढे वाढलेला खूर पहारीसारखा काम करतो. प्रत्येक पावलाला मागच्या शिरांवर ताण येतो. भिंत बाहेर फाकते, तिला चिरा जातात, ती फिकट रेघ उघडी पडून माती आत शिरते. फुटक्या भिंतीत खिळा धरत नाही. बाहेर आलेल्या नालावर दुसरा पाय पडला की नाल उपटून निघतो आणि सोबत भिंतीचा तुकडाही नेतो. ज्या पायाच्या कौतुकासाठी हे केले, तोच पाय गेला.

आम्ही कापडवाले हे लगेच ओळखतो. धंद्याच्या सुरुवातीला एका पेढीकडून आम्ही एक गठ्ठा घेतला होता. हाताला कापड भरदार, घडी कडक, चकाकी सुरेख. पहिल्या धुण्यात खळ निघून गेली आणि हातात मच्छरदाणी उरली. गिऱ्हाईक परत आले, पैसे परत दिले, पण दोन घरे कायमची तुटली. चूक त्या पेढीची होती तशी आमचीही होती. आम्ही ताणा-बाणा मोजला नव्हता, फक्त घडी पाहिली होती.

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे दुकानदार म्हणाला. तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे आपण (सल्ल.) विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. सहीह मुस्लिममधील ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. रंगवलेला खूर, खळीचे कापड आणि वर कोरडे ठेवलेले धान्य ही एकाच ढिगाची तीन रूपे होत.

पाया तपासला की पाया सुधारतो

यावर उपाय काय? तो सफोक जातीच्या इतिहासात आहे. सफोक घोड्याची देहयष्टी उत्तम, परंतु शरीराच्या मानाने खूर लहान व कमजोर, अशी त्याची बदनामी होती. तेव्हा मोठ्या प्रदर्शनांत केवळ खुरांची तपासणी करून बक्षीस देण्याचा वेगळा वर्ग सुरू झाला. पैदास करणाऱ्यांनी त्याप्रमाणे निवड केली आणि या जातीचे खूर सुधारले. माणसे तीच, घोडे तेच, परीक्षकाची नजर तेवढी खाली वळली. बाजार ज्याला बक्षीस देतो तेच बाजारात तयार होते.

दुसरा उपाय कारागिरांच्या संघटनेचा. लंडनच्या नालबंदांची मंडळी १३५६ पासूनची आहे व १६७४ मध्ये तिला राजाची सनद मिळाली. १८९० पासून नालबंदांची परीक्षा व नोंदणी सुरू झाली. १९७५ च्या कायद्याने नोंदणीवाचून घोड्याला नाल मारणे हाच गुन्हा ठरला. आज तेथील मुलगा सुमारे चार वर्षे उस्तादाच्या हाताखाली राहून परीक्षा देतो, मगच स्वतंत्र काम करतो. भट्टी आता मोटारगाडीत गॅसवर चालते. म्हणजे साधन बदलले, इल्म सोडला नाही. घोडे घटूनही कारागिराची किंमत टिकली ती यामुळे.

आपल्याकडे मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांचे काय झाले ते आठवावे. घोड्यांच्या हालअपेष्टांवरून प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या गाड्या बेकायदा ठरवल्या. गाड्यांवर चांदीचा साज होता. पण प्रश्न साजाचा नव्हता, जनावराचा होता. गाडीवाला आणि नालबंद, दोघांची रोजी त्यात गेली.

आपण काय करावे?

१. जे नालबंद बंधू अजून घोड्यांचे किंवा बैलांच्या पत्र्या मारण्याचे काम करतात, त्यांनी प्रत्येक जनावराची तारीख वहीत लिहावी व मुदत होताच मालकाला स्वतः निरोप द्यावा.
२. सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा अन्यत्र घोडा घेताना साज उतरवून, चारही पाय उचलून, मगच भाव बोलावा.
३. मालक चुकीचे काम सांगत असेल तर उस्तादाने अदबीने नकार द्यावा. एक मजुरी जाईल, पण नाव राहील.
४. मुलाला धंद्यात घालताना आधी चार वर्षे शिकू द्यावे, आणि तो जे शिकला त्याचा लेखी दाखला मिळेल अशी तजवीज बिरादरीने करावी.
५. कापड असो, चामडे असो वा लोखंड, जो भाग गिऱ्हाइकाला दिसत नाही तोच आधी स्वतः तपासावा.

घोडा बोलत नाही, फक्त लंगडतो. गिऱ्हाईकही बहुधा तक्रार करीत नाही, फक्त दुसऱ्या दुकानी जाते. त्याआधीच आपण आपल्या मालाचे पाऊल उचलून पाहावे. अल्लाह आपल्या हाताच्या कामात बरकत आणि व्यवहारात सचोटी देवो. आमीन.