संगणकातील विषाणू : ओळख आणि दक्षता

जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका, शिष्यवृत्तीचे अर्ज ही सारी कागदपत्रे आज आपण संगणकात किंवा मोबाइलमध्ये जपून ठेवतो. ज्या कागदांसाठी आईवडिलांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, त्यांच्या प्रती एका चुकीच्या क्लिकने नाहीशा होऊ शकतात. म्हणून संगणकाच्या विषाणूंची ओळख हा केवळ तज्ज्ञांचा विषय आहे, असे आम्ही मानत नाही.

हा विषाणू सजीव नसतो. तो माणसानेच लिहिलेला प्रोग्राम असतो. तो दुसऱ्या फाइलीला चिकटतो, स्वतःच्या प्रती काढतो आणि एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात शिरतो. काही प्रोग्राम माहिती नष्ट करतात, काही पासवर्ड चोरतात, तर काही फाइलींना कुलूप लावून खंडणी मागतात.

याचा इतिहास उद्बोधक आहे. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपींच्या देवाणघेवाणीतून देशोदेशी पोहोचला. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून निघालेला ‘आय लव्ह यू’ ओळखीच्या माणसाच्या नावाने ई-मेलमधून येई. सोबतची फाइल प्रेमपत्र समजून उघडली, की तो छायाचित्रांच्या फाइली नष्ट करी आणि त्या यंत्रातील सर्व पत्त्यांवर स्वतःला धाडी. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनमधील रुग्णालयांचे काम विस्कळीत केले. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. अनेकांनी ती बसवलीच नव्हती. त्याच वर्षी जूनमध्ये ‘नॉटपेट्या’च्या हल्ल्यामुळे आपल्या न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे कामकाजही ठप्प झाले.

या घटनांतून आम्हांला दिसते ते असे, की विषाणू दार फोडून क्वचितच येतो. बहुधा आपला आंधळा विश्वास किंवा आपला आळस त्याला दार उघडून देतो. एखादी गोष्ट परंपरेने आली किंवा सांगणारा आदरणीय आहे, एवढ्यावरून ती स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश येथेही लागू पडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून ‘एपीके’ फाइल आली, तर ती पाठवणारा मामा असला तरी उघडू नये. पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे मोबाइलमध्ये बसणारे अ‍ॅप. त्याला परवानगी दिली, तर ते बँकेचे ओटीपीही वाचू शकते. मामांना फोन करून विचारावे. कदाचित त्यांचाच मोबाइल दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असेल.

पुढील पथ्ये प्रत्येकाने पाळावीत :

१. संगणक व मोबाइलची अद्ययावत दुरुस्ती, म्हणजे अपडेट, टाळू नये. अँटिव्हायरस चालू ठेवावा. विंडोजमध्ये तो मुळातच असतो.

२. झेरॉक्सच्या दुकानात लावलेला पेन ड्राइव्ह घरी आणल्यावर आधी तपासावा. फोल्डरऐवजी शॉर्टकट दिसू लागले, तर त्यांवर क्लिक करू नये.

३. फुकट मिळालेली चोरटी सॉफ्टवेअरे वापरू नयेत. ती पुष्कळदा महाग पडतात.

४. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवून ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. जोडलेली डिस्कही खंडणीखोर विषाणूच्या तावडीत सापडते.

५. लागण झाल्याचा संशय येताच इंटरनेट बंद करावे व जाणकाराला दाखवावे. खात्यातून पैसे गेले असतील, तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

पालकांना एक विनंती आहे. मुलाच्या हातून अशी फाइल उघडली गेली, तर त्याला रागावू नका. भीतीपोटी मूल गोष्ट लपवते, आणि लपवण्यात गेलेला वेळच विषाणूच्या पथ्यावर पडतो.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात संगणक वापरणारी ही पहिलीच पिढी आहे. म्हणून माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर आईवडिलांचा मोबाइल हाती घ्यावा, अनोळखी अ‍ॅप काढून टाकावीत, दाखल्यांच्या प्रती सुरक्षित ठेवाव्यात आणि हे सारे शेजारच्या घरीही समजावून सांगावे. शिकलेल्याने शिकवावे, हीच या शाळेची खरी परतफेड होय.